गर्डरवरचा कापूस

सोन्याने जुन्या प्रसूतिगृहाचा विषय काढला आणि आबांचा घास हातातच राहिला.

रविवार होता. सोन्याला आयुष्यातलं पहिलं मोठं काम मिळालं म्हणून आईने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. सगळे म्हणजे सोन्या, सून, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहणारे काका आणि घरची दोघं. सोन्या चाळिशीला टेकलेला, सहा फूट उंच, भरघोस मिशांचा इलेक्ट्रिशियन. हाताखाली चार माणसं होती, पण या घरात त्याचं सोन्याचं दुसरं काही झालं नव्हतं.

"तळमजला आणि वरचे तीन," तो बोटं मोजत सांगत होता. "जुनं वायरिंग उपटायचं, नवं टाकायचं. तिथे आता ऑफिसं होणार. आई, जिथे मी जन्मलो तिथेच मी वायर ओढणार, बघ!"

"कोणतं? चढावरचं?" आबांनी विचारलं. "हिरव्या खिडक्यांचं?"

"हो. तुम्ही केलंय ना तिथे काम? तेच सांगणार होतो."

"किती दिवस झाले?"

"दोन."

"ड्रिल कुठे मारलंस?"

"आबा, जेवा ना आधी."

"कुठे मारलंस?"

आबांचा आवाज चढला नाही. चढूच शकत नव्हता. नाकाशी ऑक्सिजनची नळी, पायाशी घुरघुरणारं यंत्र, आणि एका श्वासात मावतील तेवढेच चार-पाच शब्द, असं गेली आठ वर्षं चाललं होतं. पण घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आबांनी एकच प्रश्न दोनदा विचारला की जेवण संपलं.

"तळमजल्यावर," सोन्या म्हणाला. "पूर्वेकडच्या खोल्यांत. भिंतीत."

आबांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी ते त्या खोल्यांतून फिरून आले असावेत. "दगडी भिंती. वर चुना. तिथे काही नाही. उद्या काय करणार?"

"उद्या पहिल्या मजल्यावरचं फॉल्स सीलिंग उतरवायचं."

"नाही उतरवायचं."

"म्हणजे?"

"खालचा मजला जुना. वरचे तीन नंतर चढवले. लोखंडी गर्डरवर." आबा थांबले, श्वास घेतला. "आगीत लोखंड वाकू नये म्हणून. त्यावर ॲस्बेस्टॉस फवारलाय. दोन बोटं जाड. मी फवारलाय." त्यांनी समोर पाहिलं. "मी आणि याने."

काका भाजी वाढून घेत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "दादा, शेहेचाळीस वर्षं झाली. राहिलाय कशाला आता? उडून गेला असेल."

"तो उडत नाही. हात लावल्याशिवाय. लावला की छातीत जातो."

सोन्याने खिशातून घडी केलेला कागद काढून ताटाशेजारी ठेवला. "आबा, तपासणी झालीय. रिपोर्टमध्ये लिहिलंय, छपराचे पत्रे आणि बॉयलरची खोली, बाकी काही नाही."

"कुठलं छत उघडून पाहिलं त्यांनी?"

सुनेने कागद ओढून घेतला. ती एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. असले कागद कसे वाचायचे ते तिला कळत होतं. "तळमजल्यावरचं," ती म्हणाली. "दोन ठिकाणी. वरच्यांना तसंच असणार असं धरून चाललेत."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग नजर सोन्याकडे वळवली. तीन वर्षांपूर्वी सोन्या आणि सून वेगळे राहायला गेले, तेव्हापासून आबा तिच्याशी सरळ बोललेच नव्हते. जे काही सांगायचं ते 'तिला सांग' असं म्हणून.

"मला तिकडे ने," ते सोन्याला म्हणाले. "आजच. मी कुठे काय ते दाखवतो."

"तुम्हाला इथून मोरीपर्यंत जायला दहा मिनिटं लागतात!" आई म्हणाली.

"मग लवकर निघू."

सोन्या हसला नाही. दहा वर्षं पंखे आणि बटणं दुरुस्त केल्यावर हे काम हाती लागलं होतं. "आबा, मी तिथे जाऊन काय सांगू? माझ्या वडिलांना आठवतंय?"

"काका," सून म्हणाली, "तुम्हीही होतात ना? तुम्ही आलात तर दोन माणसं सांगतील."

"मला काही आठवत नाही." काकांनी ताट बाजूला सारलं. "आणि मला काही झालेलंही नाही. पासष्ट वर्षांचा आहे, रोज दोन कोस चालतो. आम्ही त्याला कापूस म्हणायचो, सूनबाई. ओले गोळे करून एकमेकांना मारायचो. यालाच झालं, मला का नाही झालं? ज्याची त्याची प्रकृती." ते उठले, हात धुतले आणि वहिनीकडे, म्हणजे सोन्याच्या आईकडे, न पाहताच चपला घालून बाहेर पडले.

आबा दाराकडे पाहत राहिले. "तिसरा मजला मला माहीत नाही," ते हळूच म्हणाले. "तेव्हा माझा पाय मोडला होता. परांचीवरून पडलो होतो. तिसरा मजला त्याने एकट्याने केलाय."

*

चढावरच्या इमारतीत रविवारी एक रखवालदार आणि एक तरुण इंजिनिअर, एवढेच होते. इंजिनिअरने हेल्मेटखालून ही मिरवणूक पाहिली: पुढे सोन्या, खांद्याला छोटा सिलिंडर; मागे सुनेच्या दंडाला धरून आबा. फाटकापासून पायरीपर्यंतच्या तीस पावलांत आबा चारदा थांबले.

"आजोबा, रिपोर्ट आहे आमच्याकडे," इंजिनिअर नम्रपणे म्हणाला. "आणि तुमची तब्येत..."

"मास्क आहेत का?" आबांनी विचारलं. "ते कागदी नकोत. गोल फिल्टरचे."

"स्टोअरमध्ये आहेत."

"तिघांनी घाला. मला नको. माझा वाटा मी कधीच घेतलाय."

सुनेला वाटलं होतं, म्हातारा आत गेल्यावर भांबावेल. भिंती पाडल्या होत्या, दारं हलवली होती, पाळण्यांच्या खोलीचं केव्हाच कोठार झालं होतं. पण सोन्याने आणि इंजिनिअरने त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून पहिल्या मजल्यावर नेलं, आणि खुर्ची टेकवल्याबरोबर आबांनी डावीकडे बोट केलं.

"इथून दर नऊ फुटांवर गर्डर. पुढच्या हॉलमध्ये सहा. चौथा जरा वाकडा बसलाय. तिथे थर जास्त झालाय, मुकादम ओरडला होता." श्वास. "त्या कोपऱ्यात पाइपांचा डक्ट. त्याला लेप. हाताने कालवून लावलेला. ड्रममध्ये पाणी घालून, असा."

त्यांनी हवेत हात फिरवला. कोपरापर्यंत बुडवून कणीक मळावी तसा.

सुनेने पिशवीतून वही आणि मोजपट्टी काढली. तिने नऊ फूट मोजले. तिथे छताच्या पट्टीला जोड होता. वर गर्डर असला तर जोड नेमका तिथेच यायचा. पुढचे नऊ मोजले. पुन्हा जोड. तिने मान वर केली, तर आबा तिच्याकडेच पाहत होते.

"बरोबर?"

"एक बोटभरही फरक नाही, आबा."

"मग लिही," ते म्हणाले. तीन वर्षांत त्यांनी तिला थेट सांगितलेलं हे पहिलंच काम. "पुढचं सांगतो, लिहून घे."

ती लिहीत गेली, रेषा ओढत गेली. गर्डर लाल, पाइप निळे. आबा सांगत होते ते नुसतं कुठे काय एवढंच नव्हतं. इथे थर पातळ का, कारण त्या दिवशी पंप बंद पडला होता. इथे भिंतीला ॲस्बेस्टॉसचे तक्ते दुहेरी का, कारण पलीकडे ऑपरेशनची खोली होती आणि मोठ्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः उभं राहून करून घेतलं होतं. आपल्या ऑफिसात अनुभवी म्हणवणाऱ्या किती जणांना स्वतःची मागच्या वर्षीची इमारत इतकी आठवेल, असं तिच्या मनात आलं. हा माणूस मजूर म्हणून आला, मजूर म्हणून गेला, आणि अख्खी इमारत डोक्यात घेऊन गेला.

"पण बघायचं कसं?" इंजिनिअरने विचारलं. "मी छताचं एक झाकण उघडतो."

"नको! झाकणावरच साचलेला असतो. कुठे गळती झालीय का? छताचा तुकडा आपोआप पडलाय, असं कुठे?"

कपड्यांच्या कोठीत तसं झालं होतं. सून दार ढकलून आत पाऊल टाकणार, तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला. आठ वर्षांत त्या छातीतून एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"थांब! पाय टेकू नकोस!"

ती एका पायावर थबकली. उंबऱ्याच्या आत, जिथे तिची चप्पल पडली असती तिथेच, मुठीएवढा राखाडी गोळा पडला होता. पावसात भिजून वाळलेल्या मेंढीच्या लोकरीसारखा.

ओरडल्याने आबांना खोकल्याची उबळ आली. सोन्याने सिलिंडरची चकती फिरवून ऑक्सिजन वाढवला. वडिलांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा आतून येणारी चरचर त्याला तळव्याला जाणवली, वाळलेल्या पानांवरून कुणी चालावं तशी.

इंजिनिअरने उंबऱ्याबाहेरूनच वर टॉर्च मारला. छताला पडलेल्या भोकातून गर्डर दिसत होता. त्याच्या अंगावर तसलीच लोकर होती, जाड, काही ठिकाणी लोंबणारी.

मग त्याने दार अलगद ओढून घेतलं आणि चिकटपट्टी आणायला खाली धावला.

*

काका आपल्या घराच्या पायरीवर बसून विडी ओढत होते. वहिनी येताना दिसल्या तशी त्यांनी ती विझवली. लग्न होऊन ही वहिनी घरात आली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. तिच्यासमोर अजूनही विडी ओढवत नव्हती.

"जेवण अर्धं टाकून आलात, भावोजी."

"भूक नव्हती."

वहिनी शेजारी टेकल्या. बराच वेळ त्या समोरच्या घराच्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांकडे पाहत होत्या. "तुम्हा दोघांचे कपडे मी झटकायची, आठवतं? मागच्या दाराशी. असा धूर निघायचा. मला मेलीला वाटायचं, चांगलं कष्टाचं काम करून आलेत."

"वहिनी, तो विषय नको."

"मी दर वर्षी छातीचा फोटो काढून येते."

काकांनी झटकन मान वळवली. "तुम्ही? तुम्ही कशाला?"

"तुमचा भाऊ आजारी पडला तेव्हा छातीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कपडे कोण धुवायचं? तेव्हापासून. अजून तरी काही निघालेलं नाही. दर खेपेला आदल्या रात्री सगळे डबे घासून काढते. कुणाला सांगत नाही. जाऊन येते, आल्यावर पोळ्या करते."

वहिनींना सगळे घरात भित्री समजायचे. पाल दिसली तरी किंचाळणारी.

"तुम्ही रोज दोन कोस चालता," त्या पुढे म्हणाल्या, "ते मला माहीत आहे. मधे पुलावर किती वेळ कठडा धरून उभे राहता, तेही माहीत आहे. भाजीवाली सांगते."

"म्हातारपण आहे."

"असेल. नसेलही. त्याचं मी काही म्हणत नाही, छाती तुमची आहे. पण उद्या आपला पोरगा तिथे छत फोडणार आहे. सोबत चार परकी पोरं. तिसऱ्या मजल्यावर काय आहे ते तुम्हालाच माहीत."

काकांनी विझलेली विडी बोटांत फिरवली. ती तुटली.

"वहिनी, मी तिथे गेलो ना, की मग ते खरं होईल. दादाला झालं ते दादाला झालं. मी बोट दाखवून म्हटलं, हे बघा, हे मी केलं, हे माझ्या नाकातोंडात गेलं, की संपलं."

"ते तर शेहेचाळीस वर्षांपूर्वीच गेलंय, भावोजी."

समोरच्या घराच्या दोरीवरून एक सदरा घसरून खाली पडला. काका उठले, तो उचलून झटकला, पुन्हा दोरीवर टाकला आणि तसेच पाठमोरे उभे राहिले.

"नुसत्या गर्डरचं नाही," ते म्हणाले. "काम संपलं तेव्हा माल उरला. अकरा पोती. तीन मजले खाली कोण उतरवणार? मुकादम म्हणाला, टाक भिंतीलगत आणि पुढून तक्ता ठोक. मी टाकली. एकोणीस वर्षांचा होतो. दादा प्लॅस्टरमध्ये पडलेला, विचारणार कुणाला?" ते वळले. "त्या भिंतीवर कुणी हातोडा मारला तर..."

वहिनी तोवर उठून चपला घालत होत्या. "चला," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावर रिक्षा असेल."

*

सोन्या इमारतीच्या पायरीवर बसला होता. आत इंजिनिअर फोनवर बोलत होता. मधूनमधून 'हो साहेब', 'नाही साहेब' ऐकू येत होतं. पहिले दोन मजले वहीत उतरले होते. दुसऱ्या मजल्यावर खुर्चीतच आबांचा डोळा लागला होता आणि सून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून रेषा पक्क्या करत होती.

इंजिनिअर बाहेर आला. "साहेब म्हणतायत, नमुने तपासून येईपर्यंत आठ दिवस कसे थांबणार? उद्या निदान तिसऱ्या मजल्यावर सुरू करा म्हणतायत. तिथलं तर तुमच्या वडिलांनाही माहीत नाही."

सोन्याने सकाळीच चौघांना फोन करून सांगितलं होतं: उद्या सातला या, डबे घेऊन या. चौघांतला एक तर नुकताच बाप झाला होता.

"मी करत नाही," सोन्या म्हणाला.

"मग साहेब दुसऱ्याला बोलावतील."

"बोलवू देत. त्या दुसऱ्याला मी फाटकावर उभा राहून सांगेन." म्हणताना त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. दुपारी आपण ताटाशेजारी ठेवलेला तो कागद त्याला आठवला आणि कानशिलं तापली. "इंजिनिअरसाहेब, तुम्ही स्वतः बघितलंय ना? मग तुम्हीच सांगा त्यांना. माझ्या बापाला इथवर यायला किती थांबे लागले, तेही सांगा."

रिक्षा थांबली ती त्याच वेळी. आधी आई उतरली, मागून काका. काकांनी इमारतीकडे वर पाहिलं, हिरव्या खिडक्या मोजल्यासारखं केलं आणि सरळ पायऱ्या चढून सोन्याच्या समोर उभे राहिले.

"मास्क दे."

"काका, तू..."

"दे म्हणतो ना. आणि दादाला खुर्चीसकट वर घे. एक बाजू मी धरतो."

"मी धरतो, तू नको."

"गप्प बस. त्याचा पाय मोडला तेव्हा मीच त्याला परांचीखालून उचलला होता. एकट्याने."

तिघांनी मिळून आबांना तिसऱ्या मजल्यावर नेलं. जिन्याच्या वळणावर काकांनी खुर्ची टेकवायला लावली आणि कठड्याला धरून उभे राहिले. त्यांचे खांदे वरखाली होत होते. आबा खुर्चीतून त्यांच्याकडे पाहत होते. हात लांब करून त्यांनी भावाच्या मनगटावर ठेवला आणि दोघांचा श्वास जागेवर येईपर्यंत तसाच ठेवला.

तिसऱ्या मजल्यावर काकांनी एकेक गर्डर दाखवला. सुरुवातीला जीभ जड होती, मग मोकळी झाली. "हा नीट झाला नाही, माझा हात तेव्हा बसला नव्हता." "हा बघ दादा, हा तुझ्यासारखा झालाय." सून भराभर लिहीत होती. शेवटच्या खोलीत ते पश्चिमेच्या भिंतीसमोर उभे राहिले. साधी, पिवळट रंगाची भिंत. तिच्यावर कुणीतरी पेन्सिलने फुली मारून ठेवली होती.

"ही फुली कसली?" काकांनी विचारलं.

"पाडायच्या भिंतींची," इंजिनिअर म्हणाला. "मंगळवारी."

काकांनी मास्क सारखा केला. "ही भिंत नाही. तक्ता आहे. मागे तीन फूट पोकळी आहे आणि तिच्यात अकरा पोती सुटा ॲस्बेस्टॉस आहे. मी टाकलाय." मग ते आबांकडे वळले. "दादा, तुला कधी सांगितलं नव्हतं."

आबांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग भावाकडे. "एकट्याने अकरा पोती?"

"हो."

"मुकादम कुठे होता?"

"दारात. नाकाला रुमाल लावून."

आबांनी मान हलवली. मग सुनेला म्हणाले, "लिही. अकरा पोती, पश्चिमेची भिंत. सांगणारा, माझा भाऊ. आणि हेही लिही, की सांगायला तो आपणहून आला."

सुनेने ते शब्दशः लिहिलं. तशा नोंदी नकाशावर कुणी करत नाही, हे तिला ठाऊक होतं.

*

नमुने तपासून आले ते नवव्या दिवशी. ॲस्बेस्टॉसच होता, फवारलेला, सगळ्यांत वाईट प्रकारचा. मोठ्या साहेबांची भाषा एका रात्रीत बदलली. पांढरे पोशाख घातलेली, ते काम शिकलेली माणसं आली, मजले प्लॅस्टिकने बंद केले, आणि सुनेने काढलेले तीन नकाशे दाराशी लावून त्यांनी एकेक जागा पाण्याने भिजवत साफ केली. साडेचार महिने लागले. त्रेचाळीस जागा नकाशावर होत्या, त्रेचाळीसही सापडल्या. त्या टोळीची प्रमुख बाई एकदा घरी येऊन आबांना भेटून गेली. वीस वर्षांत इतका बिनचूक नकाशा हातात पडला नव्हता, असं ती म्हणाली. आबा म्हणाले, "नकाशा माझा नाही. सुनेचा." सोन्याच्या माणसांनी त्या साडेचार महिन्यांत पुन्हा पंखे दुरुस्त केले. मग मात्र इंजिनिअरने त्यालाच बोलावलं.

पण त्याआधी, नमुने आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, छातीच्या दवाखान्यात दोघे भाऊ बाकावर बसले होते. आबांना यायची गरज नव्हती. ते हट्टाने आले होते. आतून आडनाव पुकारलं गेलं तसे सवयीने आबा उठायला लागले. काकांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

"दोघांपैकी पेशंट कोण?" दारातल्या मुलीने विचारलं.

"आज मी," काका म्हणाले.

स्कॅन झाला. नळीत फुंकर मारून झाली. डॉक्टरीणबाईंनी सगळं सावकाश समजावलं. फुप्फुसांच्या अस्तरावर जाड चट्टे होते, खाली दोन्हीकडे व्रण धरायला सुरुवात झाली होती. आबांइतकं पुढे गेलेलं नव्हतं. बरं होणार नाही. पण विडी आजपासून बंद, दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि घाई करू नका, म्हणजे बरीच वर्षं आहेत.

बाहेर येऊन काका बाकावर बसले. आबांनी सगळं ऐकलं होतं.

"मी तुला त्या कामावर नेलं," आबा म्हणाले. "तू सायकलच्या दुकानात बरा होतास. मी म्हटलं, चल, इकडे रोज जास्त मिळतो."

"सायकलच्या दुकानात मला दोन वेळा हाकललं होतं."

"तरी."

"दादा, तुला कुणी सांगितलं होतं का? मला कुणी सांगितलं होतं का? ज्याला माहीत होतं तो नाकाला रुमाल लावून दारात उभा होता." काकांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर चोळले. "तुझ्यावर मी एकाच गोष्टीसाठी रागावलोय. आठ वर्षं तू त्या यंत्राला बांधलेला, आणि मी रोज तुझ्या दारावरून छाती काढून चालत गेलो. एकदा तरी अडवायचं होतंस."

"अडवलं असतं तर थांबला असतास?"

काका हसले. हसताना खोकले, आणि या वेळी तोंड फिरवून खोकले नाहीत.

थोड्या वेळाने आबा म्हणाले, "फवारणीच्या टोळीत किती होतो आपण?"

"नऊ. चार गेले."

"चार कशाने गेले?"

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. कुणी कधी विचारलंच नव्हतं. एक दम्याने, एक टीबीने, असं ज्याच्या त्याच्या घरच्यांनी सांगितलं होतं.

"म्हणजे आपल्याखेरीज तिघं उरले," आबा म्हणाले. "टकल्या, मास्तर आणि तो पेटी वाजवणारा."

"टकल्याचा नंबर आहे माझ्याकडे."

"लाव."

काकांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांपासून लांब धरून नाव शोधलं. पलीकडे बराच वेळ घंटा वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला.

"अरे, मी बोलतोय. ओळखलंस का? हो, तोच, गोळे मारणारा. ऐक, तू छातीचा फोटो कधी काढलायस?" काका ऐकत राहिले. पलीकडचा माणूस पुष्कळ काही बोलत होता. आबांना बाकावर बसून त्याचा नुसता सूर कळत होता. "ते मला सांगू नकोस. पेटी कोण वाजवायचा, त्याचा पत्ता आहे तुझ्याकडे? बरं. तुझा पत्ता सांग आधी. हळू सांग, लिहून घेतोय."

लिहायला काही नव्हतं. आबांनी आपल्या फायलीतला एक कोरा कागद काढला, पेनचं टोपण दातांनी उघडलं आणि कागद मांडीवर घेतला.

"सांग," ते म्हणाले.

काका एकेक शब्द सांगत गेले, आबा लिहीत गेले. लिहून झाल्यावर काका फोनमध्ये म्हणाले, "शुक्रवारी सकाळी तयार राहा. आम्ही दोघं न्यायला येतो."